अकरा विद्वान आणि सासू नावाचा खडक

आमच्या मंडळात खुर्च्यासुद्धा विद्वान आहेत. गिरगावातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत नवा माणूस टेकला, की खुर्ची आधी करकरून त्याला संदर्भ विचारते. मुंबईच्या जुन्या बेटांचा इतिहास शोधणारं हे मंडळ. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी चार वाजता एक निबंध वाचला जातो, मग चर्चा होते, म्हणजे प्रत्येक जण स्वतःचाच जुना निबंध पुन्हा सांगतो. मग चहा आणि माणशी दोन मारी बिस्किटं. तिसरं बिस्किट उचललेला एक सभासद होऊन गेला म्हणतात. त्याचं पुढं काय झालं ते कुणी बोलत नाही.

मी दादरच्या एका शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. वर्गात मी नदीला पूर आणायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरं पाय वर घ्यायची. त्यामुळे हा मास्तर वाढवून सांगतो अशी माझी ख्याती आहे. असू दे. पण पुढच्या हकिकतीत पदरचं मीठ चिमूटभरच आहे, कारण अजून आठवलं तरी माझं डोकं भणभणतं, आणि तापलेल्या डोक्याला थापा सुचत नाहीत.

मंडळाचा एक नियम घटनेत कुठंही लिहिलेला नाही, पण भिंतीपेक्षा पक्का आहे. छापलेला तो पुरावा, तोंडानं सांगितलेल्या त्या गप्पा. आमचे अध्यक्ष एका कॉलेजचे निवृत्त प्राचार्य. बायकोनं बाहेर पाऊस पडतोय म्हटलं, तर ते खिडकी नाही, पेपर उघडतात.

आता मावशीबद्दल. दादरच्या बाजारात मी जिच्याकडून इतकी वर्षं मासे घेतो ती ही मावशी, वरळी कोळीवाड्यातली. नवरा होता तोवर ती त्याच्याबरोबर होडीवर जायची. एकदा सुरमईचे तुकडे करता करता ती म्हणाली, "मास्तर, समुद्रात भर पडली त्यात आमचे दोन खडक गेले. आता त्यांची नावं मीच सांगते. मी गेल्यावर कोन सांगणार? तुमचं ते मंडळ छापतं ना जुनं काय काय? मंग हे छापा. आनि कोनी सांगितलं तेपन छापा."

एवढंच मागणं होतं. मी मान डोलावली. मान डोलावणं सोपं असतं.

पुढे चार-पाच दुपारी तिच्या ओटीवर बसून मी चौदा खडकांची नावं उतरवून घेतली. म्हातारी, दोन भाऊ, कावळ्याची पाठ. कुठला भरतीला बुडतो, कुठल्यावर कालवं धरतात, कुठून होडी किती हातांवरून न्यायची. एकाचं नाव सासू. का, तर तो ओहोटीतसुद्धा दिसत नाही, नुसता लागतो. नकाशा काढला, निबंध लिहिला, वर ठळक अक्षरांत मावशीचं नाव घातलं आणि अध्यक्षांना दिला.

तीन महिन्यांनी मंडळाचं वार्तापत्र आलं. निबंध होता. नकाशा होता. मावशी नव्हती. तिच्या जागी "स्थानिकांकडून मिळालेल्या माहितीवरून" अशी ओळ होती. आणि सासू खडक नकाशावर पार पलीकडच्या अंगाला जाऊन बसला होता.

मी तसाच गिरगावात गेलो. जिना मी तीन ढांगांत चढलो. पायऱ्या बत्तीस आहेत.

"मास्तर, मौखिक माहितीला नाव देत नाहीत," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "उद्या कुणीही उठेल आणि सांगेल. आणि तो खडक तुम्ही चुकीच्या जागी दाखवला होता. माझ्याकडे इंग्रजांच्या वेळच्या नकाशाची प्रत आहे. मी दुरुस्त केला."

"त्या खडकाला विचारलंत का?"

"खडक बोलत नाहीत."

"मावशी बोलते की."

"म्हणून तर ती माहिती मौखिक," ते म्हणाले आणि माझी दोन बिस्किटं माझ्यापुढं सरकवली. मी दोन्ही बिस्किटं रागानं खाल्ली.

मंडळाची दर हिवाळ्यात एक अभ्याससहल निघते. त्या वर्षी अध्यक्षांनी आपल्याच वार्तापत्रातला नकाशा घेऊन समुद्रात जायचं ठरवलं. होडी मावशीच्या मुलाची. दोन लेकरांचा बाप, बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. सकाळी आठला अकरा विद्वान होडीत चढले. कुणी टोपी, कुणी मफलर, एकानं तर छत्री आणली होती. अध्यक्ष पुढं उभे, हातात अंक.

थोडं पुढं गेल्यावर मावशीचा मुलगा म्हणाला, "काका, इथनं वळसा घेतो. समोर सासू हाय."

"सासू तिकडे आहे," अध्यक्ष म्हणाले. "अंकात बघ. सरळ घे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं. त्यानं इंजिन अगदी हळू केलं आणि म्हणाला, "बरं. तुमचा नकाशा, तुमची सासू."

होडी खर्रकन घासली आणि बसली. ओहोटीची वेळ, पाणी उतरत होतं. भरती चढेपर्यंत आता हलायचं नाही, हे मुलानं सांगितलं आणि तो बिडी ओढत बसला. आम्ही चार तास त्या खडकावर होतो. मुंबई बेटांच्या इतिहासातलं एवढं मोठं चर्चासत्र समुद्रावर कधी झालं नसेल. कोळीवाड्यातल्या होड्या येता-जाता आमच्याभोवती फेरी मारून जात. एका होडीवाल्यानं भाकरी आणि भाजलेले सुके बोंबील दिले. जन्मात मासा न शिवलेल्या एका सभासदांनी डोळे मिटून दोन बोंबील खाल्ले आणि डोळे उघडून तिसरा मागितला.

"साहेब, आपण कशावर बसलोय?" मी अध्यक्षांना विचारलं.

त्यांनी अंक उलटसुलट करून पाहिला. "काहीतरी असेल. पण सासू नव्हे. सासू पलीकडे आहे."

आमच्यात गिरगावातले एक ख्रिस्ती काका आहेत. त्यांचं घराणं मुंबईचं मूळचं, चार पिढ्या एकाच वाडीत. सभेत ते वर्षातून एकदा बोलतात. ते म्हणाले, "पलीकडं असेल तर आपल्या बुडाखाली काय तिची बहीण आहे?" त्यांचं त्या वर्षाचं बोलून झालं.

मला वाटलं, आता तरी. चार तास खडक बुडाला लागल्यावर माणूस कबूल करतो. पण पुढचं वार्तापत्र आलं आणि त्यात पहिल्याच पानावर बातमी: अध्यक्षांच्या नेतृत्वाखाली सागरी अभ्यासमोहीम यशस्वी, नकाशात नोंद नसलेला एक नवा खडक प्रत्यक्ष निरीक्षणातून शोधण्यात आला. खाली फोटो. फोटोत छत्रीसुद्धा होती.

चोरीचे प्रकार मी पुष्कळ पाहिलेत. घरात शिरून भांडी नेणारा असतो. पण ज्या घराच्या उंबऱ्याला अडखळून तोंडावर आपटला, तो उंबरा मीच शोधला म्हणून पाटी लावणारा मी पहिल्यांदा पाहिला. तो अंक घेऊन मी मावशीकडे गेलो.

तिनं चष्मा लावून सावकाश वाचलं. "सापडला म्हनतात," ती म्हणाली. "हरवला कधी होता?" मग अंक माझ्याकडे परत देत म्हणाली, "माझं नाव कुटंय, मास्तर?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, शिवाजी पार्काला तिसरी फेरी मारताना मला मंडळाची घटना आठवली. सभासद व्हायला दोन सभासदांच्या सह्या लागतात. शिक्षणाची अट नाही. घटना लिहिणाऱ्यांना ती घालण्याची गरजच वाटली नसेल. वार्षिक सभेत सभासद जे बोलेल ते नावानिशी इतिवृत्तात नोंदवायचं, आणि इतिवृत्त वार्तापत्रात छापायचं. आणि छापलं की पुरावा.

पहिली सही माझी. दुसरीसाठी ख्रिस्ती काकांकडे गेलो. त्यांनी काही न विचारता पेन उघडलं. "ती बहीण कोण होती ते कळलं पाहिजे," एवढंच म्हणाले. ते वर्षातून दुसऱ्यांदा बोलल्याचा मीच एक साक्षीदार.

वार्षिक सभेला मावशी हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून पहिल्या रांगेत बसली. खुर्ची करकरली नाही. अहवाल झाला, निवडणूक झाली, सगळे चहाकडे बघू लागले, तेव्हा शेवटचा विषय आला: आयत्या वेळचे विषय. मावशी उभी राहिली.

"बाई, लेखी आणलंय का?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुमी लिवा की. त्यासाटीच आलेय."

"वेळ थोडा आहे."

"माझ्या खडकावर चार तास बसलात. मी अर्धा तास घेते."

तिनं एकेक खडक सांगितला. नाव, जागा, पाणी किती, कुणाच्या आज्यानं काय पाहिलं. दर नावाला थांबून ती चिटणिसांना विचारायची, "लिवलं? वाचून दाखवा." चिटणीस वाचायचे. सासूची पाळी आली तेव्हा तिनं अध्यक्षांकडे बघून विचारलं, "तुमाला लागला तोच ना?" अध्यक्ष टेबलावरच्या अंकाकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "तोच." चिटणिसांनी तेही लिहिलं.

महिन्याभरात इतिवृत्त छापून आलं. चौदा खडक, आणि वर तिचं पूर्ण नाव, सासरचं आणि माहेरचंही. ते मी इथं लिहीत नाही. जिथं छापायला हवं होतं तिथं छापलंय. अंक घेऊन मी बाजारात गेलो. तिनं आपल्या नावावरून बोट फिरवलं, मग अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी कमरेला खोचली.

"आता सगळे खडक आले, मावशी."

"सगळे?" ती बांगडे लावता लावता थांबली. "एक ऱ्हायलाय."

मी खिशातून पेन काढलं.

"ते आत ठेवा. त्या खडकाखाली शेवंडं मिलतात, लई महाग जातात. माझ्या मानसानं मना दाखवला, मी पोराला. सभेत तुमी धरून चाळीस मानसं होती, मास्तर."

गेल्या शनिवारी अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. खडकांची पुरवणी काढायची म्हणत होते, या वेळी मावशींचं नाव आधी घालू, आणखी काही राहिलं असेल तर सांगा. आयुष्यभर मी नसलेल्या गोष्टी सांगत आलो. त्या दिवशी असलेली एक गिळली.

"नाही," मी म्हणालो. "चौदाच."