ढुशी मारणारा कुत्रा

बाबा तेलंगणातल्या वांकिडीजवळच्या एका मराठी गावात मास्तर होते, तेव्हाची गोष्ट. मामाने आम्हाला एक तांबडा, उभ्या कानांचा कुत्रा आणून दिला. घरात तो गुणी होता. माणसांवर भुंकत नसे, ताटातलं चोरत नसे. बाहेर मात्र त्याचं एकाही कुत्र्याशी जमेना.

गल्लीतला एखादा कुत्रा सभ्यपणे त्याला हुंगायला आला, की हा मान खाली घालायचा, थोडा मागे सरायचा आणि धावत जाऊन त्याच्या बरगडीत डोकं हाणायचा. मग सगळी गल्ली त्याच्या अंगावर. हा केकाटत येऊन बाजेखाली शिरायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तितक्याच उमेदीने.

शेजारच्या काकूंचं म्हणणं, मास्तराच्या घरची पोळी खाऊन त्याला माज आला. बाबा म्हणत, तो मुळात भित्रा आहे, म्हणून आधी मारतो. मला दोन्ही पटेना, कारण ढुशी मारताना त्याचं शेपूट आनंदाने हलत असायचं.

पोळ्याला मामा आला. ओट्यावर चहा पिताना त्याने हा प्रकार पाहिला आणि बशी खाली ठेवून हसत सुटला. आईने विचारलं, "काऊन हसून राह्यला?"

"अक्का, याचे डोळे उघडायच्या आतच याची माय मेली. बकरीच्या दुधावर वाढला हा, बकऱ्यांच्या कोठ्यात करडांसंगं खेळला. त्याले कुत्र्याची रीत कोन शिकवन?"

म्हणजे तो बिचारा 'चल, खेळू' म्हणत होता आणि समोरच्याला शिवी ऐकू येत होती.

शाळेच्या व्हरांड्यात एक कुत्री व्याली होती. तिची पिल्लं हिंडूफिरू लागल्यावर मी त्याला तिकडे नेऊ लागले. ढुशी बसली की पिल्लू कोलांटी खायचं आणि उठून त्याचाच कान चावायचं. जास्त लागलं तर कुत्री गुरगुरायची. हळूहळू तो बेताने मारायला शिकला, मग आधी हुंगायलाही. मोठ्या कुत्र्यांनी त्याला कधी जवळ केलं नाही. तो दिसला की ती रस्त्याच्या कडेने जात.

पिल्लं मात्र ढुशा मारतच मोठी झाली. तपासणीला आलेल्या साहेबांच्या पोटरीवर एकाने मनापासून डोकं आपटलं. साहेबांनी दचकून तेलुगूत विचारलं, हे काय? बाबांनी गंभीरपणे सांगितलं, इकडची कुत्री असाच नमस्कार करतात.