कॅप्टन गोलीताई

अंगावर काही आलं की माणूस डोळे मिटतो. गोलीताई मिटत नसे. नगरच्या सावेडीतल्या आमच्या कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मुलं त्याची परीक्षाही घेत. जिन्यात कुणी अचानक तिच्या तोंडासमोर टाळी वाजवे, कुणी ओला टॉवेल झटके. एकदा रंगपंचमीला पाण्याचा फुगा थेट तिच्या कपाळाकडे आला. तिने तो न फोडता झेलला आणि मारणाऱ्याला परत दिला. "पुन्हा मार," म्हणाली, "आणि जरा जोरात. अक्षता टाकतोयस का?"

तिचं बाप्तिस्म्याचं नाव रूथ. पण हॉकीत गोलकीपरला गोली म्हणतात आणि ती शाळेपासून गोलमध्येच उभी राहायची, म्हणून आम्हां लहानांची ती गोलीताई. पुढे ती लष्करात कॅप्टन झाली तेव्हा कॉलनीने नावात बदल न करता पुढे पद तेवढं जोडलं.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर मागच्या दोन खोल्यांत ती आणि तिचे वडील राहत. आई ती लहान असतानाच गेली होती. वडील रिक्षा चालवत. ती त्यांना पप्पा म्हणे, म्हणून सगळी कॉलनीच त्यांना पप्पा म्हणायची. मूळचे ते पाथर्डीकडचे. इतकी वर्षं शहरात काढूनही त्यांच्या बोलण्यातून पाथर्डी गेली नव्हती. "आमी काय, रिक्षावाली मानसं," असं म्हणत आणि मग पुढचा अर्धा तास मुलीविषयी बोलत.

मी मात्र बोलत नसे. घरी पाहुणे आले की आतल्या खोलीत जायचं आणि चपला वाजल्या की बाहेर यायचं, ही माझी पद्धत. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी बोलताना चुकेन ही आणखी एक भीती. गोलीताईला माझं हे गप्प राहणं सोयीचं वाटलं असावं. तिला सरावासाठी चेंडू टाकणारं कुणीतरी हवं होतं. बाकीची मुलं चेंडू कमी टाकत आणि सूचना जास्त करत. एका संध्याकाळी तिने मला कंपाउंडच्या भिंतीसमोर उभं केलं, हातात टेनिस बॉलची पिशवी दिली. "तुला बोलायचं नाही ना? नको बोलूस. चेंडू टाक. फक्त टाकताना भिंतीकडे बघू नको. तू बघतेस तिथेच टाकतेस, मग मी अडवून काय उपयोग?" पुढे लष्करातून ती सुट्टीवर घरी आली तरी हा कार्यक्रम ठरलेला. मी कॉलेजात गेले तरी तो चालूच राहिला.

पदवीनंतर तिची निवड झाली आणि ती चेन्नईला लष्कराच्या अकादमीत गेली. प्रशिक्षण संपल्यावरच्या संचलनाला पप्पा निघाले, तेव्हा इंग्रजी बोलायला सोबत कुणीतरी हवं म्हणून त्यांनी मला नेलं. न बोलणाऱ्या मुलीला दुभाषी म्हणून नेणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. संचलन झालं की आईवडिलांनी मुलांच्या खांद्यांवर तारे लावायचे, अशी तिथली रीत. एका खांद्याशी आई, दुसऱ्याशी वडील, अशा जोड्या मैदानभर उभ्या होत्या. पप्पांनी एका खांद्यावरचे तारे लावले आणि थांबले. दुसऱ्या खांद्याकडे त्यांचा हात जाईना. गोलीताई सरळ समोर बघत हळूच म्हणाली, "पप्पा, तो पण तुमचाच." मग त्यांनी वळसा घालून तो खांदाही पुरा केला.

बाहेर पडताना फाटकावरच्या जवानाने तिला कडक सॅल्यूट ठोकला. पप्पांनी घाईने मागे वळून पाहिलं, कोण साहेब येतोय ते बघायला.

नोकरी लागल्यावर हॉकी सुटेल असं आम्हांला वाटलं होतं, पण ती लष्कराच्या संघाकडून खेळत राहिली. काही वर्षांनी मुलींची व्यावसायिक लीग सुरू झाली आणि लिलावात एका संघाने तिला घेतलं. वरिष्ठांनी आनंदाने परवानगी दिली. लष्करी सेवा आधी, बोलावणं आलं तर जावं लागेल, हे करारातच होतं. मी फोनवर अभिनंदन केलं. ती म्हणाली, "लष्करात खेळाडूला सुट्टी मिळते गं, पण कामाला सुट्टी नसते. ते दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर जाऊन बसतं." तिचं काम बसलं ते तिच्याच युनिटमधल्या, मूळच्या जालंधरच्या एका कॅप्टनच्या टेबलावर. त्या हंगामात तो सख्ख्या बहिणीच्या लग्नाला जेमतेम वरातीपुरता पोचला आणि लगेच परतला. त्याने कधी बोलून दाखवलं नाही. गोलीताईने मात्र आम्हांला ते दोनदा सांगितलं होतं.

संघाच्या हॉटेलात तिच्यामुळे एक गोंधळ झाला. लष्करात जवान जेवल्याशिवाय अधिकारी ताट घेत नाही. ही सवय ती तिकडेही घेऊन गेली. सगळ्या मुली वाढून घेईपर्यंत ती भिंतीशी उभी. मॅनेजरला वाटलं, मॅडमना जेवण पसंत नाही. त्याने तिच्या खोलीत खास मुगाची खिचडी पाठवायला सुरुवात केली. "रोज खिचडी खातेय," ती फोनवर कळवळून सांगत होती, "आणि खाली बिर्याणी असते! आता कुणाकडे तक्रार करू?" खुलासा झाल्यावर मुलींनी त्याची थट्टा केली. पण पुढे पुढे त्या ताटं घेऊन भराभर बसायला लागल्या. "चलो चलो, कॅप्टन भूखी है!" संघाची खरी कप्तान दुसरीच होती. ती म्हणायची, "मैदान पे मैं, खाने पे ये."

दुसऱ्या हंगामात संघ उपांत्य फेरीत पोचला आणि पप्पा आणि मी रेल्वेने सामना बघायला गेलो. गोलीताईने त्या दिवशी जे अडवलं ते मला अजून दिसतं. शेवटच्या मिनिटांत तीन पेनल्टी कॉर्नर लागोपाठ आले. पप्पांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले होते आणि मला विचारत होते, "गेला का? सांग की, गेला का?" नाही गेला. संघ पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचला. प्रशिक्षकांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की रविवारी निवड समितीची माणसं येणार आहेत. भारतीय संघाच्या शिबिरासाठी एक गोलकीपर हवी आहे आणि नजर तिच्यावर आहे. ती तिशीला टेकली होती. असं दार तिच्यासाठी पुन्हा उघडणार नाही, हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं.

संध्याकाळी हॉटेलच्या खालच्या सोफ्यावर आम्ही बसलो असताना ती म्हणाली, "पप्पा, मी उद्या सकाळी निघतेय."

तिचं युनिट सीमेवर हलणार होतं. हुकूम अचानक आला होता. जवान आणि सामान घेऊन खास गाडी शनिवारी सुटणार होती.

"सायबांनी बोलावलं व्हय?" पप्पांनी विचारलं.

"नाही. ते म्हणाले, फायनल खेळून विमानाने ये."

"मग तुला कोन आडवतंय?"

"कुणीच नाही."

"कुनी आडवत न्हाई आन ही निघाली!" पप्पा उठून उभे राहिले. "आगं, स्टँडवर पोरांनी टीव्ही आनलाय. रविवारी धंदा बंद ठेवनार हायत समदे. मी काय तोंड दाखवू?"

"खाली बसा. मी नाही गेले तर माझ्या कंपनीचे जवान जालंधरवाला नेणार. त्याच्या बायकोचे दिवस भरलेत. रजा मंजूर होती, ती त्याने रद्द केली. मला कळवलंसुद्धा नाही. सुभेदारसाहेबांच्या बोलण्यातून निसटलं."

"त्यानं तुला मागितलं का काय?"

"नाही मागितलं. म्हणूनच जायचंय."

पप्पा तरी उभेच राहिले. मग तिने हळू आवाजात विचारलं, "मी झाले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

हे कॉलनीत सर्वांना माहीत होतं. तेव्हा ते दुसऱ्याची जीप चालवत. भाडं घेऊन अकोले तालुक्याच्या डोंगरात गेले होते आणि मुलगी झाल्यावर तिसऱ्या दिवशी घरी पोचले होते.

"आई ऐकवायची ना?"

"लई ऐकवायची," पप्पा म्हणाले. "जाईपत्तुर ऐकवलं तिनं." आणि ते खाली बसले.

"दोन हंगाम मी गोलमध्ये उभी राहिले, कारण तिकडे माझ्या जागी तो उभा होता," ती म्हणाली. "शिबिरात जायचं मलाही आहे पप्पा. लहानपणापासून आहे. पण असं नाही."

एवढंच.  मग तिने पलीकडे बसलेल्या एका किरकोळ मुलीला हाक मारली. ती संघाची राखीव गोलकीपर, झारखंडमधल्या सिमडेग्याची. भीतीने तिचा चेहरा उतरला होता. "पप्पा, रविवारी ही उभी राहणार. हिच्यासाठी ओरडायचं." मुलगी पाया पडायला वाकली. पप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण बघत होते दुसरीकडेच. प्रशिक्षक आमच्यासमोरून तिच्याकडे न बघता लिफ्टकडे निघून गेले. तेही मला समजण्यासारखं वाटलं.

सकाळी पप्पांनी तिची बॅग स्वतः टॅक्सीत ठेवली. रात्रीपासून ते तिच्याशी बोलले नव्हते. गाडी सुरू झाल्यावर खिडकीत वाकून म्हणाले, "तिकडं थंडी आसंल. कानाला बांधत जा."

रविवारी आम्ही नगरला परत आलो होतो. माळीवाड्याच्या रिक्षा स्टँडवर टपरीच्या फळीवर टीव्ही ठेवला होता. पप्पा एकटे जायला तयार नव्हते, म्हणून मीही गेले. सामना सुरू झाला आणि कुणीतरी म्हणालं, "ओ पप्पा, ही कोन? आपली पोरगी कुठंय?"

"बाकावर बसवली वाटतं," दुसरा हसला. "आन आमाला उगं धंदा बंद ठिवायला लावला!"

 पप्पा ताठ उभे राहिले.

"माझी पोरगी ड्युटीवर हाय," ते म्हणाले. "तिची मानसं घिऊन बार्डरला निघाली हाय. ही तिच्या जागेवर उभी हाय. तुमी माझ्या पोरीसाठी आला हुता ना? मग आता हिच्यासाठी वरडा."

 मग मघाशी हसलेल्यानेच पहिली आरोळी ठोकली. सिमडेग्याच्या त्या मुलीने पहिला फटका अडवला तेव्हा माळीवाड्यात एस.टी.चे प्रवासी थांबून बघू लागले, इतका आवाज झाला. सामना शूटआऊटवर गेला. तिने तिथेही दोन अडवले. तरी आम्ही हरलो. माझा घसा बसला होता. कशाने, हे घरी सांगितल्यावर आईला खरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी कुठल्याशा स्टेशनवर गाडी थांबल्यावर गोलीताईचा फोन आला. मागे डब्यांचा आणि जवानांचा गलका.

"हरलो ना? कळलं. पोरगी रडली का?"

"खूप."

"चांगलं आहे. रडणारी दुसऱ्या दिवशी सरावाला लवकर येते. आणि ऐक, जालंधरवाल्याला मुलगी झाली. बाप पोचला वेळेवर." एवढं सांगून ती हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी क्वचितच ऐकलं होतं.

शिबिराला सिमडेग्याची मुलगी गेली. पुढच्या लिलावात गोलीताईवर कुणी बोली लावली नाही. पूर्ण हंगाम मिळेल अशी खेळाडू सगळ्यांना हवी असते, आणि ते रास्तच आहे, असं तीच मला समजावत होती. आता ती जिथे आहे तिथे बराकींच्या मागे एक सपाट तुकडा आहे. तिथे जवान तिच्यावर चेंडू मारतात. "साहेब म्हणून हळू मारतात," ही तिची सध्याची एकमेव तक्रार.

पप्पांनी मात्र रिक्षाच्या मागे नवीन अक्षरं रंगवून घेतली आहेत. पेंटरने फूल काढू का विचारलं, तर नको म्हणाले. पिवळ्या रंगात एवढंच लिहिलं आहे: मुलगी ड्युटीवर आहे. बसणारा प्रत्येक जण विचारतो. पप्पा माळीवाड्यापासून सांगायला लागतात. सावेडी आली आणि गोष्ट संपली नसेल, तर ते रिक्षा कडेला लावतात, मीटर बंद करतात आणि म्हणतात, "बसा वो, उतरू नका. फायनल अजून ऱ्हायलीय."