मेजरचं उजवं शिंग

ही गोष्ट मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं टाळत आलो. घरात कुणी बैलांचा विषय काढला की मी पाणी प्यायला उठत असे. आता उठायचं म्हटलं तरी गुडघ्यांची परवानगी काढावी लागते, तेव्हा बसूनच सांगून टाकतो. आपल्यावर दावा लावणारी माणसं पुष्कळांना भेटतात. पण त्याच दाव्याच्या तारखेला जाताना एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून प्रतिवादीसाठी जागा धरणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला आला.

सत्तरच्या दशकात मी पलूसच्या बाजूच्या एका गावात जनावरांचा डॉक्टर म्हणून नवा लागलो होतो. दवाखान्याशेजारीच त्या माणसाचं, म्हणजे हवालदारांचं घर. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं. पहाटे शिट्टी वाजवून ते आधी बैलाला उठवत, मग बायकोला. बैलाचं नाव त्यांनी ‘मेजर’ ठेवलं होतं. “जल्मभर मेजरला सलाम ठोकला,” ते म्हणत, “आता मेजर माझ्या हातचं खातोय.” तरी गोठ्यात शिरताना हात आपोआप कपाळाकडे जायचाच. हुकूम म्हणजे त्यांचं दैवत. एकदा उन्हाळ्यात त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या मावशींनी, त्यांना वाळत घातलेल्या कुरडयांपाशी बसवलं आणि सांगितलं, “राखा, हलू नका.” वळीव आला, कुरडयांची खीर झाली, हवालदार पाटावर ताठ बसून भिजत राहिले. मावशी बाजारातून येऊन कपाळ बडवू लागल्या तर म्हणाले, “राखायला सांगितलं व्हतंस. उचलायचं कुठं म्हनालीस?”

त्या मेजरच्या डाव्या शिंगाला कॅन्सर झाला. मान एका बाजूला कलू लागली, नाकातून रक्त येऊ लागलं. शिंग बुडापासून कापायचं ठरलं. मी त्या शिंगावर जांभळ्या औषधाची ठसठशीत खूण केली आणि म्हणालो, “उद्याच घेऊन या.” हवालदार म्हणाले, “उद्या बेंदूर हाय सायेब. बैलांच्या सणाची रजा भोगल्याबिगर मेजर दवाखान्यात भरती हुनार न्हाई.” बेंदराच्या दुसऱ्या दिवशी मेजर आला तो झूल घालून, अंगभर गुलाल, आणि दोन्ही शिंगं लालभडक ऑइलपेंटनं रंगवलेली. माझी खूण त्या रंगाखाली गडप. पण खूण मीच केली होती, मला आठवत होतं की ती उजव्या हाताला होती. होतीच, माझ्या उजव्या हाताला. बैल तोंडासमोर उभा असला की आपला उजवा हात म्हणजे त्याची डावी बाजू, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मला त्या दिवशी कळलं नाही.

चौघांनी दोरानं बैल डाव्या कुशीवर पाडला. हवालदारांच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता: “पाय दाबून धर रं! शेपटी सोड गड्या, ती काय पळून जाती का?” मी तारेची करवत हातात घेतली तेव्हा ते एकदम म्हणाले, “सायेब, ते शिंग...” मी आधीच घाबरलेलो, खेकसलो, “हवालदार, मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही!” त्यांनी टाचा जुळवल्या. “हुकूम, सायेब?” “हुकूम!” आणि तो माणूस दगडासारखा सावधान उभा राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, बैलाची माया. शिंग खाली पडलं. आतून स्वच्छ, निरोगी. मी कसाबसा म्हणालो, “बोला आता.”

“आजारी शिंग खाली ऱ्हायलंय सायेब.”

मग तेही कापावं लागलं. मेजर वाचला, पण भुंडा झाला. नोकरी जाईल या भीतीनं मी गावात सांगितलं की रंगामुळे खूण दिसली नाही. हवालदारानं स्वतःच रंग फासून बैलाची शिंगं घालवली, अशी गावानं थट्टा मांडली. ते माझ्याकडे आले. “मला पैका नको. गप ऱ्हायचा हुकूम तुमी दिला व्हता, एवढंच चारचौघांत सांगा.” मी नजर चुकवली, म्हणून त्यांनी सांगलीला दावा लावला.

तारखेला आम्ही एकाच बाकावर बसून जायचो. मावशींनी दिलेल्या भाकरीतली निम्मी माझी. “भांडान कोर्टात,” ते म्हणत, “एस्टीत भुकेल्यानं बसायचं न्हाई. खावा.”

साक्षीच्या दिवशी माझ्या वकिलांनी त्यांना विचारलं, “करवत चालू असताना तुम्ही गप्प उभे होता?”

“व्हय.”

“का?”

“हुकूम व्हता.”

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशही मिशीत हसले आणि मला म्हणाले, “काय डॉक्टर, दिला होतात असा हुकूम?”

हवालदार माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत जराही काळजी नव्हती. हुकूम देणारा साहेब आपला हुकूम नाकारत नाही, असं त्यांनी आयुष्यभर मानलं होतं.

“आठवत नाही,” मी म्हणालो.

दावा फेटाळला गेला. स्टँडवर परतीच्या गाडीत खिडकीतून रुमाल पडलाच. शेजारची जागा माझ्यासाठी होती. भाकरीही निम्मी मिळाली. फक्त म्हणाले, “खावा डाक्टर.” त्या दिवसापासून मी त्यांचा ‘सायेब’ राहिलो नाही.

पुढच्या बेंदराला त्यांनी मला जेवायला बोलावलं. शिंगं नव्हती म्हणून मेजरला त्यांनी स्वतःचा गुलाबी फेटा बांधला होता, तुरा काढून. वाजंत्रीत बैल असा डौलात चालला, की शिंगवाले बैल ओशाळावेत. “रंगाचा खर्च वाचला बगा,” ते हसून म्हणाले. पानावर बसल्यावर मी धीर करून सुरुवात केली, “हवालदार, त्या दिवशी कोर्टात मी...” त्यांनी माझ्या पोळीवर तुपाची धार धरली. “पोळी गार व्हतीया डाक्टर.” आणि मी जेवू लागलो. त्यांनी मला वाचवलं असं मी वर्षानुवर्षं समजत होतो. खरं म्हणजे मीच स्वतःला वाचवून घेतलं. पोळी संपल्यावरही बोलता आलं असतं.

मग माझी बदली शिराळ्याला झाली. हवालदार गेल्याचं कळलं तेव्हा बरेच महिने उलटले होते. त्या गावावरून एस.टी.नं जाताना अजूनही माझ्या शेजारची जागा रिकामी असली, तर मी तिच्यावर रुमाल टाकतो आणि मनातल्या मनात टाचा जुळवतो. हवालदार, हुकूम माझा होता.