देवघरातली किल्ली

वर्दी उतरवून बरीच वर्षं झाली, पण सिंदीची ती गाडीचोरी आठवली की अजूनही मला एकट्यालाच हसू फुटतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. किल्लीत चिप असलेल्या गाड्या तेव्हा जिल्ह्यात नव्या होत्या. ओळखीची चिप नसेल तर इंजिन सुरूच होत नसे. एके दुपारी सिंदीचे एक कापूस व्यापारी ठाण्यात आले. दारातली गाडी गेली होती. रोजची किल्ली घरात खिळ्याला, दुसरी देवघरात. ठाणे अंमलदाराने फिर्याद नोंदवली.

संध्याकाळी गाडी सापडली, सेलूच्या रस्त्याला, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात नाक खुपसून. पंचनाम्यात लिहिलं : काचा शाबूत, कुलूप शाबूत, वायरीला हात नाही. म्हणजे चोराकडे किल्ली होती!

दुसऱ्या दिवशी खबर आली. वर्ध्याचा माझा खबरी पानठेला चालवायचा, शेजारीच किल्लीवाल्याचं दुकान. "साहेब, त्या कापूसवाल्यायचा ड्रायवर आलता गाडी घेऊन. तिसरी किल्ली बनवून गेला."

ड्रायव्हरला ठाण्यात बसवलं. पंधरा वर्षं त्याच घरी नोकरी. मी माझं सगळं नाटक केलं. फाईल आपटली, चहा मागवला, त्याच्यासमोर एकट्याने प्यायलो.

"किल्ली कोणासाठी बनवली?"

"नाई सांगता येत, साहेब."

"अटक होईल. नोकरी जाईल."

"जाऊ द्या."

जमिनीकडे बघत तो एवढंच म्हणायचा.

मग किल्लीवाल्याकडे गेलो. तो ऐटीत सांगू लागला, "नवी किल्ली शिकवताना गाडीच्या साऱ्या किल्ल्या मशीनले दाखवा लागते. जे दाखवली नाई, तिले गाडी विसरते. मी ड्रायवरले म्हटलं, दुसरी आण. तर म्हणे, ते पूजेची हाय, देवघरातून निघत नाई."

मी खूश! देवघरातल्या किल्लीने गाडी सुरू झाली नाही, की ड्रायव्हरविरुद्ध पुरावा पक्का. थेट व्यापाऱ्याच्या घरी गेलो.

नव्या गाडीची एक किल्ली हळद-कुंकू लावून देवापुढे ठेवायची आणि मग तिला हात लावायचा नाही, असा त्या घरचा नेम. देवघर सांभाळायच्या व्यापाऱ्याच्या आई, साठीच्या काकू.

"काकू, देवापुढची किल्ली द्या."

"कायले? ते चालत नाई."

व्यापारी मुलगा आईकडे वळला. "आई, तुले कसं ठाऊक? तिले तर कोणी हात लावत नाई!"

काकू देवाकडे बघत राहिल्या. "एक दिवस माझी सापडत नव्हती, म्हणून देवाले विचारून घेतलती."

"तुझी? तुझी कोणती?"

काकूंनी कमरेच्या बटव्यातून तिसरी किल्ली काढली. "सहा महिने झाले, गाडी शिकून राह्यली मी. काल बहिणीकडे चालली होती, पहिल्यांदा एकटी. मधात बकरी आली. बकरी वाचली! मी यष्टीनं घरी आली तर तू ठाण्यात! मंग सांगाची हिंमतच नाई झाली."

"तुमचा ड्रायव्हर ठाण्यात बसलाय," मी म्हणालो.

काकूंचा चेहरा उतरला. "काऊन? मले तर सांगितलं, तो गावाले गेला!" मुलाने मान खाली घातली. काकू चपला घालून पुढे निघाल्या. "चला साहेब, मले बसवा त्याच्या जागी."

ठाण्यात शिरताच त्या ड्रायव्हरवर कडाडल्या, "बावळ्या, कोणाले सांगू नको म्हणून शपथ घातलती. जेलात जाय म्हणून नाई!"

तो डोळे पुसत म्हणाला, "काकू, बकरी दिसली तवा पहिले ब्रेक दाबाचा होता."

हवालदार हसून टेबलावर पडला. चोरी झालीच नव्हती. 'क' समरीचा, म्हणजे गैरसमजातून आलेली फिर्याद बंद करण्याचा, प्रस्ताव पाठवून प्रकरण मिटवलं. काकूंना विनालायसनबद्दल मी दम भरला, आणि त्यांनी तो मोठ्या अदबीने ऐकून घेतला.

त्या तपासात मी मुलाचा, सुनेचा, मोलकरणीचा, शेजाऱ्याचाही जबाब घेतला होता. फक्त काकूंना काही विचारलं नव्हतं. त्यांनी केलेला चहा पिऊन उठलो होतो. जिला समोर आणलं नाही, तिला मीही त्या गाडीसारखाच विसरलो. पुढे कुठल्याही घरी चौकशीला गेलो की चहा आणणाऱ्या माणसाला आधी बसवून घेत असे.

माझी बदली झाली तेव्हा काकू मला रेल्वे स्टेशनवर सोडायला आल्या. पक्कं लायसन पर्समध्ये, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. मी पुढे जीव मुठीत धरून बसलेला, आणि मागच्या सीटवर ड्रायव्हर, पायावर पाय टाकून, शेटजीसारखा.