कमळाताईंची वरात

गणपतीपुळ्याच्या डोंगराची प्रदक्षिणा निम्मी झाली आणि कमळाताई मटकन कठड्यावर बसल्या. "बाप्पाचं बरंय, एका जागी बसलाय. पाय मोडायचे ते आपण!" सोबतच्या मनिषाने मनातल्या मनात देवाची माफी मागितली.

दोघी रत्नागिरीतल्या एकाच कॉलेजात. मनिषा कारकून, कमळाताई शिपाई. ऑफिस खाली, लायब्ररी पार चढावर. तीस वर्षं फायली घेऊन कमळाताई पायीच चढल्या. बॅटरीची गाडी आली तेव्हा तीत बसणाऱ्या एकेका मास्तराला त्यांनी "वरात कुठे निघाली?" म्हणून हैराण केलं. आता गुडघा गेला, पण कुठल्या तोंडाने बसणार?

"सोमवारपासून तू लंगडत ये गो मनिषा," त्या म्हणाल्या. "गाडी तुझ्यासाठी थांबव. मी आपली तुला धरायला बसेन."