आमच्या साडूंचा शुक्रवारचा एरर

संगणक अडला की माणसं चिडतात, घाबरतात, क्वचित त्याच्या पाठीत चापटही मारतात. त्याला जवळ घेऊन ‘काय होतंय बाळा’ असं विचारणारा माणूस अख्ख्या आखातात एकच, आणि ते आमचे थोरले साडू.

दुबईच्या अल क्वोज भागातल्या एका टाइल्सच्या गोदामाचे संगणक सांभाळायचे आणि संध्याकाळी अजमानला घरी परतायचं, हा त्यांचा क्रम. मेहुणीबाई मुलाच्या कॉलेजसाठी नाशिकला गेल्यापासून घरात एक ताट, एक वाटी आणि ढीगभर हार्ड डिस्क उरल्या आहेत. बॅकअप मध्येच थांबून पडद्यावर एररचा नंबर आला की आपल्याला नंबर दिसतो, त्यांना स्वभाव दिसतो. “हा गरीब आहे रे. जागा संपली की येतो, जागा दिली की जातो. पण हा दुसरा, परवानगी नाही म्हणून अडून बसणारा, हा जावई. मान दिल्याशिवाय हलायचा नाही.” एकदा आमच्याकडे जेवताना माझ्या मुलीच्या लॅपटॉपवर असाच एक नंबर झळकला. साडू श्रीखंडावरून उठले. “काका, इट्स फाइन,” मुलगी म्हणाली. “फाइन कसं? त्याला डिस्क सापडत नाहीये, आणि तू पुरी खातेस?”

अशा धन्वंतरीच्या स्वतःच्या घरी मात्र दर शुक्रवारी बॅकअप बंद पडायचा. कोड एकच: डिस्क सापडत नाही. मग चार वाजता बॅकअपच्या सॉफ्टवेअर कंपनीचा पुण्यातला इंजिनियर फोन करायचा. एका शुक्रवारी मी तिथे होतो. डिस्कची वायर सरळसरळ टेबलाखाली लोंबत होती. मी वाकलो.

“हात लावू नकोस,” साडू म्हणाले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. तेवढ्यात फोन वाजला.

“काका, तोच एरर?”

“तोच.”

“वायर काढलीत ना?”

“काढली.”

“मग तपास चालू आहे असं लिहितो. जेवलात का?”

पुढे अर्धा तास त्या पोराचं जमत आलेलं लग्न, मुलीच्या मामाचा आडमुठेपणा आणि साडूंची चिकट झालेली भेंडी यांचा सखोल तपास झाला. कॉल रेकॉर्ड होतो म्हणून अधूनमधून “ओके सर, ट्राय नाऊ” अशी फोडणी. फोन ठेवल्यावर साडूंनी वायर जोडली आणि शर्ट बदलला.

गेल्या महिन्यात त्या पोराने नोकरी बदलली. त्याच्या जागी आलेल्या बाईंनी फोन केला, स्वच्छ इंग्रजीत वायर तपासायला सांगितली, आणि दोन मिनिटांत तक्रार कायमची बंद करून टाकली. संध्याकाळी साडूंचा मला फोन. “सगळं सुरळीत झालं रे. हिरवी खूण आली. आता काही तक्रारच नाही.” इतक्या पडलेल्या आवाजात चांगली बातमी मी कधी ऐकली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी चारच्या सुमारास मी पिशवीत लॅपटॉप आणि डिस्क घेऊन अजमानला त्यांच्या दारात उभा राहिलो. डिस्कची वायर तेवढी मुद्दाम घरी ठेवली होती.

“याचा बॅकअपच होत नाहीये,” मी म्हणालो.

साडूंनी डिस्क उलटून पाहिली. पिशवीत डोकावले. मग माझ्याकडे पाहिलं.

“अवघड दिसतंय,” ते म्हणाले. “संध्याकाळ तरी जाईल. तू जेवलायस का?”