आक्काच्या गळ्याखालची डबी

तळेगाव ढमढेरेच्या स्टँडवर माझ्यासारखा जीपवाला दुसरा न्हाई. खुटबावहून आक्का गेल्याचा फोन आला तवा गाडी चालूच हुईना, म्हणून चौघांना धक्का मारायला लावला, आन् पार पंपापर्यंत ढकलत नेल्यावर त्यातल्या एकानं इचारलं, "किल्ली लावलीय का?" किल्ली माझ्या मुठीत व्हती...

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तवापासनं माझं नाक पुसायला तीच आन् कान पिळायलाबी तीच. तिला छातीचा कॅन्सर निघाला तवा पुण्याला न्यायचं काम माझ्याकडं आलं. सुया टोचून टोचून हाताच्या शिरा गेल्या, मग डॉक्टरांनी गळ्याखाली, हाडाच्या खालच्या अंगाला, कातडीच्या आत एक डबी बसवली. सुई तिथंच टोचायची, औषध सरळ आत. मी म्हणलं, "आक्का, तुला डिझेलची टाकी बसवली गं!" ती म्हणली, "मग तुझ्या गाडीपरीस बरं ॲव्हरेज दीन मुडद्या." मागं बसल्याली सगळी हसली. माझ्या जीपमधी हसायचे जोक तीच करायची, मी निस्ता गाडी हाकायचो.

औषधं संपली, केस परत आलं, पण डबी तशीच. ती आतून तुंबू नये म्हणून सुईनं पाणी सोडून धुवून घ्यायला दर महिन्याला पुण्याला जावं लागायचं. आक्कानं काढा म्हणलं, तर डॉक्टर म्हणले, "राहू द्या अजून वर्षभर. लागली तर?" दाजी म्हणले राहू दे, तिची पोरगी शोभा म्हणली राहू दे. परत येताना आक्का म्हणली, "लागली तर म्हंजी काय रं? मी दार उघडं ठिवून वाट बघत बसू व्हय त्याची? जवर ही हाय तवर त्या दुखण्याला वाटणार, आपल्याला जागा राखून ठिवलीय." पुढच्या खेपंला तिनं डॉक्टरांफुडं हट्टच धरला.

तेवढीच जागा सुन्न करून डबी काढायची व्हती. मी नर्सला रुबाबात म्हणलं, "मला दावा बरं का, आपण काय भीत न्हाई." तिनं भाईर येऊन स्टीलच्या ट्रेमधी दावली. बटनाएवढी डबी, तिला पालीच्या शेपटावानी लांब नळी... तेवढंच आठवतंय. म्होरं मी फरशीवर. परतीला आक्काच्या गळ्याखाली बोटभर पट्टी आन् माझ्या कपाळावर तळहाताएवढी. अख्ख्या खुटबावात तिनं सांगितलं, आपरेशन भावाचं झालं म्हणून. डबी घरी नेता का, असं नर्सनं इचारलं व्हतं. आक्का म्हणली, "नगं बया. तिला माझं घर दावू नगा."

पण खड्डा आला की तिचा हात गळ्याखाली जायचाच. मी म्हणायचो, "आक्का, न्हाई ती आता." ती म्हणायची, "मला ठाव हाय. हाताला कोण सांगणार?" तसे दोन उसाचे हंगाम चांगले गेले. डोक्यावर गवताचा भारा घिऊन चालायची, कुणाची नदर न्हाई लागली. मग दुखणं पाठीत निघालं. डॉक्टर म्हणले, डबीचा याच्याशी काय संबंध न्हाई, ती ठेवली असती तरी हेच झालं असतं. मला पटलं. पण रात झाली की पटत न्हाई... आता जीप खड्ड्याजवळ आली की मी आपसूक हळू करतो. पॅसेंजर वरडतात, "मामा, बैलगाडी हाय का?" आरशात बघतो तर मागच्या शीटवर गळ्याखाली हात धरल्याली कुणीच नसती, आन् माझाच हात माझ्या गळ्याखाली असतो.

सावडायच्या दिवशी नदीवर राखंवर पाणी मारलं, अस्थी येचायला सगळी बसली. तितं एक म्हातारं म्हणलं, लोखंड-बिखंड जळत न्हाई, तसंच ऱ्हातं. माझ्या डोक्यात काय शिरलं कुणास ठाव. डबी मी बघितली व्हती, पण बघितल्या बघितल्या पडलो व्हतो, आन् पडलेल्या माणसाची साक्ष कोण धरतं? आत राहिली असंल तर? ती तिथनंच त्या दुखण्याला हाका मारत बसली असंल तर? लोकं हाडं येचीत व्हती आन् मी दोन्ही हातांनी राख चाळत सुटलो, कोपरापर्यंत पांढरा. मग शोभाला बघून हसाय गेलो. म्हणलं, "तुझ्या आईची टाकी बघतोय गं..."

ती हसली न्हाई. माझं मनगट धरून तिनं हात राखंतनं भाईर काढला.

"मामा, आईनं ती कवाच काढून टाकली. उठा आता, लोकं उन्हात उभी हायती."